तांड्याचे रिंगण

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता नळदुर्गाच्या किल्ल्याजवळून पुढे निघाला, की थोड्याच अंतरावर जळकोट हे गाव लागते. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील हे गाव. भोवताली बालाघाटाचे उंचसखल पठार. कोठे काळे रान, कोठे नुसता मुरूम. या मुलखात मोठ्या गावांपासून थोड्या हटून, माळाच्या आश्रयाने वसलेल्या वस्त्या आढळतात. त्यांस कोणी वाडी म्हणत नाही, की मळा म्हणत नाही. त्यांस 'तांडा' म्हणतात. तांडा म्हणजे वाटेने चाललेला बैलांचा आणि माणसांचा समुदाय. आज तांड्यातील घरे दगडामातीची, सिमेंटची आहेत. ती कोठे चालत जात नाहीत. तरीही चालणाऱ्यांचे नाव वस्तीस चिकटून राहिले आहे, आणि त्या नावाबरोबर तांड्याचे नृत्यही राहिले आहे.

हे तांडे बंजारा लोकांचे होत. मराठी गावकरी त्यांस लमाण म्हणत आले. ते स्वतःस 'गोर' अथवा 'गोरमाटी' म्हणवितात आणि तांड्याबाहेरच्या माणसास 'कोर' म्हणतात. त्यांच्या बोलीचे नाव गोरबोली. राजस्थानातील बोलींशी तिचे जवळचे नाते आहे. मराठी मूल आईला 'आई' अशी हाक मारते, तर तांड्यावरचे मूल 'याडी' म्हणते. भाकरीला तेथे 'बाटी' म्हणतात. या बोलीला स्वतःची लिपी नाही. त्यामुळे इतरांनी जे पोथ्यांत आणि बखरींत लिहून ठेवले, ते गोरमाटी लोकांना गाण्यात आणि पावलांत जपून ठेवावे लागले. बंजारा नृत्याकडे पाहताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. ते केवळ करमणुकीचे साधन नव्हे; तो त्या लोकांचा न लिहिलेला ग्रंथ आहे.

या ग्रंथाचे सर्वांत सुंदर पान श्रावणात उघडते. तांड्यातील अविवाहित मुली नायकाकडे जाऊन तीज बसविण्याची अनुमती मागतात. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख; त्याच्या जोडीला कारभारी असतो. अनुमती मिळाली, की प्रत्येक मुलगी लहानशी टोपली घेते, तीत वारुळाची माती आणि खत भरते व भिजविलेले गहू पेरते. साऱ्या टोपल्या नायकाच्या दारी उंचशा मांडवावर मांडल्या जातात. पुढे नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ मुली पाणी आणून त्या कोवळ्या अंकुरांवर शिंपडतात. पाणी आणावयास जाताना गाणे, येताना गाणे, आणि शिंपडून झाल्यावर टोपल्यांभोवती रिंगण. तांड्यातील तरुण त्यांची थट्टा करतात, मुलीही गाण्यातूनच त्यांस उत्तर देतात. थोरांसमोर एरवी जे बोलता येत नाही, ते तिजेच्या गाण्यात म्हणण्याची मुभा असते. शेवटच्या दिवसाच्या आधी 'ढमोळी' होते. चुरम्याचा नैवेद्य दाखविला जातो. मग गोकुळाष्टमीच्या सुमारास, वीतभर वाढलेली फिकट पिवळी-हिरवी तीज उपटून मुली ती भावांच्या पागोट्यात खोवतात, वडीलधाऱ्यांस देतात आणि उरलेली वाजतगाजत पाण्यात सोडतात.

या वेळी मुलींच्या डोळ्यांस पाणी येते. ते उगाच नव्हे. टोपलीतला गहू नऊ दिवसांचा पाहुणा आहे. मुलगीही बापाच्या घरी काही वर्षांचीच पाहुणी. ज्या टोपल्या पुढल्या श्रावणात मांडवावर दिसणार नाहीत, त्या कोणाच्या, हे साऱ्यांना ठाऊक असते. लग्न होऊन जाणाऱ्या मुलीसाठी बंजाऱ्यांत आणखी एक रीत होती. नवरीस बैलावर उभे करीत, आणि ती दोन्ही हात उंचावून माहेरच्या तांड्याचा निरोप गाण्यातून घेई. त्यास 'हवेली' म्हणतात. घरदार सोडून मुक्काम हलविणाऱ्या समाजातही मुलीचे माहेर सुटण्याचे दुःख वेगळे मानले जाई, हे यावरून कळते. तिजेच्या रिंगणात आणि हवेलीच्या सुरात हे एकच दुःख आहे.

आता नृत्याची रीत पाहू. स्त्रिया गोलाकार उभ्या राहतात, तोंडे आतल्या बाजूस. एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो. पावले दूर पडत नाहीत. एक पाऊल पुढे, एक बाजूस, मग कमरेत लवून टाळी, पुन्हा ताठ होऊन टाळी. गती प्रथम मंद असते, हळूहळू ती वाढते. कोणतीही मुलगी त्यात मध्येच शिरू शकते, कोणीही दमून बाहेर पडू शकते. रिंगण तेवढे रुंदावते किंवा आवळते, मोडत नाही. पुरुषांच्या साथीला नंगारा, डफ, झांज असते; काशाची थाळीही वाजविली जाते. मात्र खरे वाद्य स्त्रियांच्या अंगावरच असते. घेरदार 'फेटिया', आरसे आणि कवड्या लावलेली 'कांचळी', डोक्यावरून मागे सोडलेली 'टुकरी', कानाजवळ केसांत गुंफलेल्या 'घुगऱ्या', पायांतील वाळे आणि कोपराच्या वरपर्यंत चढविलेल्या बांगड्या, यांतील प्रत्येक वस्तू अंग लवताच नाद करते. फेटियाचा घेर गिरकीवाचून उलगडत नाही, आणि आरशांवर प्रकाश पडावयाचा तर अंग हलले पाहिजे. म्हणून हा वेश पेटीत घडी घालून ठेवला, की अर्धा मुका होतो.

हा वेश जड आहे, हे खरे. उन्हातान्हात चालणाऱ्या स्त्रियांनी तो का घातला असेल, असे नवख्या माणसास वाटते. पण ज्यांना घर नाही, तिजोरी नाही, त्यांची मिळकत अंगावरच राहावयाची. रुपये, चवल्या, चांदी, कवड्या शिवून अंगावर घेतल्या, की मुक्काम कोठेही हलवावा.

बंजारे चालत होते ते व्यापारासाठी. मीठ, धान्य, गळिताचे जिन्नस बैलांच्या पाठीवर गोणीत भरून ते सबंध हिंदुस्थानभर फिरत. लमाण हे नाव 'लवण' म्हणजे मीठ या शब्दावरून आले असावे, असे सांगतात. ज्या काळी या मुलखात गाडीरस्ते फारसे नव्हते, त्या काळी डोंगरघाटांतून हजारो बैलांचे तांडे चालत. सैन्यांनाही त्यांच्यावाचून गत्यंतर नव्हते. दक्षिणेत उतरलेल्या मोगल फौजांना बंजाऱ्यांनी धान्य पुरविले, आणि १८०३ साली मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्ली याच्या फौजेचीही भिस्त त्यांच्याच बैलांवर होती. तांडा एका दिवसात थोडेच अंतर तोडी. संध्याकाळी गोण्या उतरवून त्यांची रास रचीत, बैल चरावयास सोडीत, आणि मोकळ्या जागेत जाळ पेटे. मुक्कामाच्या ठिकाणी रंगमंच कोठून असणार? जाळाभोवती जमलेली माणसे आपोआपच गोल उभी राहतात. तांड्याच्या रिंगणाचा जन्म याहून निराळ्या रीतीने झाला असेल, असे वाटत नाही.

मग आगगाडी आली. १८६० साली लोहमार्ग सोलापुरास पोहोचला. जे धान्य न्यावयास शेकडो बैल आणि कित्येक आठवडे लागत, ते डब्यात भरून एका दिवसात जाऊ लागले. मिठाच्या व्यापारावर सरकारचे निर्बंध होतेच. बैलाच्या पाठीवरचा धंदा एका पिढीत बसला. धंदा गेलेली माणसे रानोमाळ फिरताना दिसली, म्हणजे राज्यकर्त्यांस त्यांचा संशय येऊ लागतो. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने एक कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. त्या यादीत ठिकठिकाणी बंजाऱ्यांच्या काही गटांचीही नावे पडली. पाळण्यातल्या मुलाने कोणता गुन्हा केला होता, हा प्रश्न त्या कायद्यास पडला नाही. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, तो रद्द झाला. त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींस म्हणूनच 'विमुक्त' म्हणतात.

कायदा एका दिवसात रद्द होतो. संशय तसा रद्द होत नाही. बाजारात फेटिया-कांचळी दिसली, की दुकानदाराने माल आत ओढावा, शाळेत मुलाच्या तोंडून गोरबोलीचा शब्द निघाला, की वर्गाने हसावे, असे बहुत काळ चालले. याचा परिणाम असा झाला, की पुष्कळ स्त्रियांनी तो वेश टाकून लुगडे-साडी स्वीकारली. मजुरीवर काम करावयास साडी सोयीची होती, हेही एक कारण होतेच. पण सोय आणि लाज या दोहोंत फरक आहे. सोयीसाठी टाकलेली वस्तू माणूस सणावारी पुन्हा काढतो. लाजेपोटी टाकलेली वस्तू तो मुलांना दाखवीतसुद्धा नाही. कित्येक घरांत आजीचा फेटिया असा पेटीच्या तळाशी गेला आणि त्याबरोबर गाण्यांचा एक मोठा साठाही.

नृत्य आणि माणसाचा मान यांचा असा संबंध केवळ येथेच आहे, असे नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मूळ रहिवासी 'पॉटलॅच' नावाचा समारंभ करीत. त्यात मुखवटे घालून नृत्ये होत, कुळांच्या कथा सांगितल्या जात आणि दानधर्म होई. तेथील सरकारने १८८५ पासून त्यास कायद्याने बंदी घातली. १९२१ साली अशाच एका समारंभानंतर लोकांना तुरुंगात धाडले आणि त्यांचे मुखवटे जप्त करून दूरदूरच्या संग्रहालयांत पाठविले. बंदी उठली ती १९५१ मध्ये. पुढे त्यांच्या वंशजांनी ते मुखवटे परत मागितले आणि १९८० साली अलर्ट बे येथे त्यांच्यासाठी स्वतःचे केंद्र उभारले. न्यूझीलंडमधील माओरी लोकही १९७२ पासून आपल्या नृत्यगीतांचा राष्ट्रीय मेळावा भरवीत आले आहेत. बंजाऱ्यांच्या नृत्यावर कोणी उघड बंदी घातली नव्हती. परंतु माणसावरच शिक्का मारला, की त्याच्या गाण्यावर निराळी बंदी घालण्याचे कारण उरत नाही.

जळकोटच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथून कर्नाटकाची सीमा जवळ आहे, आणि हमरस्ता तसाच पुढे धरला तर तेलंगणात जातो. बंजाऱ्यांची नातीगोती या सीमांनी अडत नाहीत. एकाच कुळातील माणसे कर्नाटकात लंबाणी म्हणून ओळखली जातात, तेलंगणात लंबाडा म्हणून आणि महाराष्ट्रात बंजारा म्हणून. कायद्याने कर्नाटकात त्यांस अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणले आहे. त्यांच्या बोलीचे तर निराळेच. २०११ च्या जनगणनेत ती हिंदी भाषेच्या सदराखाली मोजली गेली. सरकारी दप्तरांतून 'तुम्ही कोण?' या प्रश्नाची अशी तीन-चार उत्तरे निघतात. याद्यांचा वाद सुटावयाचा तेव्हा सुटेल. तो महत्त्वाचा आहे, कारण शिक्षणाच्या व नोकरीच्या सवलती त्यावर अवलंबून आहेत. परंतु तिन्ही राज्यांतील मुली श्रावणात टोपलीत गहूच पेरतात.

तांड्याचे आजचे जीवन नृत्याला फारसे सोयीचे नाही. पठारावरची कोरडवाहू शेती वर्षभर पुरत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील पुष्कळ तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात साखर कारखान्यांच्या मुलखात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव उरते. पाचटाने शाकारलेल्या कोपीत चार-पाच महिने काढून ती परततात. पूर्वजही चालत होते आणि हीही चालतात. पण त्या चालण्यात स्वतःचे बैल आणि स्वतःचा माल होता, एवढे विसरून चालणार नाही. परतल्यावर शाळेतील मागे पडलेला अभ्यास मुलांची वाट पाहत असतो.

तीज श्रावणात येते, तेव्हा माणसे घरी असतात. म्हणून ती टिकून राहण्यास आधार मिळाला. होळीचे तसे नाही. बंजाऱ्यांची होळी रात्री पेटत नाही, ती पहाटे पेटते. तिच्या आधी आणि नंतर 'लेंगी' गातात. लेंगी हे होळीचे गीतही आहे आणि त्यावर धरलेला नाचही. वर्षभरात ज्या घरी मुलगा जन्मला, तेथे 'धुंड' नावाचा विधी होतो. तांड्यातील तरुण काठ्यांचा ताल धरून बाळास आयुष्य चिंतितात. स्त्रिया वाटेवरच्या प्रवाशांपुढे नाचून 'फाग' मागतात. हा सण अनेकदा तोडणीच्या हंगामातच गाठतो. तेव्हा ज्यांना गावी येता येत नाही, त्यांची लेंगी कोप्यांसमोरच्या मोकळ्या जागेत होते. तेथेही रिंगण गोलच असते.

काळाबरोबर या नृत्यात पुष्कळ बदल झाले, आणि त्यांबद्दल हळहळण्याचे कारण नाही. हस्तिदंती व हाडांच्या बांगड्यांची जागा प्लॅस्टिकने घेतली. हत्तींच्या दृष्टीने ते बरेच झाले. लग्नात नंगाऱ्याऐवजी ध्वनिवर्धकाच्या भिंती उभ्या राहतात. तरुण मुले गोरबोलीत नवी गाणी रचतात, ती भ्रमणध्वनीवरून तांड्यातांड्यांत पसरतात, आणि कोपीत राहणाऱ्या मुलीलाही ऐकू येतात. त्यांतली काही उथळ असतात, काही चांगली. जुन्या काळीही सारीच गाणी चांगली असतील, असे मानण्यास आधार नाही. ज्या बोलीत शाळकरी मूल एक शब्द उच्चारण्यास लाजत होते, तीत ते आता गाणे रचते, ही लहान गोष्ट नव्हे.

समाजाची मान वर होण्यास अनेक गोष्टी कारण झाल्या. यवतमाळ जिल्ह्यातील गहुली येथे बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे, संत सेवालाल महाराजांच्या समाधिस्थानी, बंजाऱ्यांच्या वारशाचे संग्रहालय उभे राहिले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्या इमारतीस नंगाऱ्याचा आकार दिलेला आहे. जे वाद्य मुक्कामावर वाजत असे, ते आता स्वतःच एक वास्तू झाले. संग्रहालयात फेटिया काचेआड सुरक्षित राहील, याविषयी शंका नाही. परंतु काचेआड तो वाजत नाही, हे मागे सांगितलेच आहे.

खरा पेच आहे तो रंगमंचाचा. शाळांच्या स्नेहसंमेलनांत, सरकारी समारंभांत, मिरवणुकांत बंजारा नृत्य आता हटकून असते. आरशांचा लखलखाट प्रेक्षकांस आवडतो. परंतु रंगमंचावर चढताच एक फरक होतो. आतल्या बाजूस असलेली तोंडे बाहेर वळतात आणि रिंगणाची रांग होते. तांड्यात प्रत्येक मुलगी दुसऱ्या मुलीकडे पाहून पाऊल टाकीत होती. येथे ती प्रेक्षकांकडे पाहून हसते. गाणे पाच मिनिटांत बसावे म्हणून कापले जाते. पुष्कळदा ते गोरबोलीतले नसतेच. एखादे चित्रपटगीत लावतात आणि भाड्याने आणलेले घागरे घालून भलत्याच मुली त्यावर गिरक्या घेतात. त्या वेळी ज्यांच्या घरचे ते नृत्य, त्या मुली खाली सतरंजीवर बसून पाहत असतील, तर त्यांना काय वाटत असेल? आपला वेश सर्वांना हवा आहे, आपण मात्र नको, असेच ना?

यावर कोणी म्हणेल, की मग ते नृत्य तांड्यातच राहू द्यावे, इतरांनी त्यास हात लावू नये. हेही टोकाचे झाले. पालघर जिल्ह्यातील वारली लोकांचे तारपा नृत्य आज अनेक शाळांतील मुले करतात. तारपा वाजविणारा मध्ये आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली माणसांची साखळी, ही त्याची रचना बहुधा कोणी मोडीत नाही, कारण ती मोडली तर नृत्यच उरत नाही. बंजारा नृत्याविषयीही एवढीच काळजी घेता येण्यासारखी आहे. एखाद्या शाळेने रंगमंच सोडून पटांगणात, सर्वांच्या मधोमध हे रिंगण धरावयास सांगितले, तर प्रेक्षक आपोआप भोवती बसतील. काही मुलींच्या पाठी त्यांच्याकडे होतील. त्याला इलाज नाही. शिकविण्याचे काम तांड्यावरील मुलींकडे द्यावे. त्यांना सारी गाणी येत नसतील, तर त्या याडीला विचारतील, याडी आजीला विचारील, आणि कदाचित पेटीच्या तळाचा फेटियाही वर येईल. गाण्याचा अर्थ आधी कोणी चार वाक्यांत मराठीतून सांगावा. आणि फलकावर नुसते 'लोकनृत्य' असे न लिहिता 'तीज : गोरबोलीतील गीत' असे लिहावे, त्याखाली शिकविणाऱ्या मुलींची नावे, तांड्याच्या नावासह.